शंकापेटी : पाऊण, पण कशाचा?

अपूर्णांक वापरून लांबीची तुलना करायला लावणाऱ्या शाब्दिक उदाहरणांवर या वेळी इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतो आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. अपूर्णांकांची नुसती बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार चटचट करते. शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल थांबते आणि विचारते, 'आई, यात गुणायचं की भागायचं?' तिला काय सांगू?

उत्तर : क्रिया सांगू नका. उलट तिलाच विचारा, 'हा अपूर्णांक कशाचा आहे?' एवढं ठरलं की क्रिया शोधावी लागत नाही. ३/४ आणि २/३ हे दोनच अपूर्णांक घ्या आणि तिच्या वहीत ही चार उदाहरणं एकाखाली एक लिहा.

(१) निळी फीत ३/४ मीटर आहे, लाल फीत २/३ मीटर. निळी कितीने लांब?
(२) निळी फीत ३/४ मीटर आहे, लाल फीत २/३ मीटर. निळी लालच्या किती पट?
(३) निळी फीत ३/४ मीटर आहे. लाल फीत निळीच्या २/३ आहे. लाल किती लांब?
(४) निळी फीत ३/४ मीटर आहे आणि ती लाल फितीच्या २/३ आहे. लाल किती लांब?

पहिल्यात वजाबाकी: ९/१२ – ८/१२ = १/१२ मीटर, म्हणजे आठ सेंटिमीटरांहून जरासं जास्त. दुसऱ्यात भागाकार: ३/४ ÷ २/३ = ९/८ पट. तिसऱ्यात गुणाकार: ३/४ × २/३ = १/२ मीटर. चौथ्यात पुन्हा भागाकार, ९/८ मीटर, म्हणजे १ मीटर साडेबारा सेंटिमीटर. दुसऱ्या आणि चौथ्या उत्तरातले आकडे तेच आहेत, पण एक नुसतं 'पट' आहे आणि दुसरं मीटर. हा फरक तिला स्वतःला सापडू द्या, थोडा वेळ गेला तरी चालेल.

आता यातली खूण. ज्या अपूर्णांकाला मीटर, सेंटिमीटर असं एकक लागलेलं आहे ते मोजमाप; टेपवर त्या जागी बोट ठेवता येतं. ज्याला एकक नाही तो कशाचा तरी भाग असतो. दोन मोजमापं दिली असतील तर 'कितीने' विचारल्यावर वजाबाकी, 'किती पट' विचारल्यावर भागाकार. एक मोजमाप आणि एक भाग दिला असेल, तर तो भाग ज्याचा आहे ती वस्तू शोधायची. ही वस्तू म्हणजे उदाहरणातलं 'पूर्ण'. मराठी वाक्यात ती शोधणं सोपं आहे, कारण 'च्या' किंवा 'पेक्षा' ज्या शब्दाला चिकटतो तीच वस्तू पूर्ण असते. 'निळीच्या २/३' म्हणजे निळी पूर्ण. पूर्णाची लांबी माहीत असेल तर गुणा, तीच काढायची असेल तर भागा. तिसऱ्या आणि चौथ्या उदाहरणात बदल झाला आहे तो एवढाच.

फसगत होते ती सर्वनामांपाशी. 'ती', 'तिच्या', 'त्या दोरीच्या', 'उरलेल्याच्या' असे शब्द आले की त्यांच्या डोक्यावर पेन्सिलने खरं नाव लिहायला लावा. आणि आकडेमोडीच्या आधी एक अंदाज हवाच. चौथ्या उदाहरणात निळी ही लालच्या २/३ आहे, म्हणजे लाल मोठी असणार, पाऊण मीटरहून जास्त. घाईत गुणाकार करून १/२ मीटर आलं तर ते चूक आहे हे पडताळा न घेताही दिसतं.

प्रश्न : एका उदाहरणात '३ मीटर दोरीपेक्षा २/५ मीटरने जास्त' असं होतं आणि दुसऱ्यात '३ मीटर दोरीपेक्षा २/५ ने जास्त'. मी दोन्हींत ३ + २/५ केलं. एक बरोबर आलं, एक चुकलं. असं का?

उत्तर : पहिल्यात २/५ ला मीटर लागलेलं आहे. ते ४० सेंटिमीटरचं सरळ मोजमाप, म्हणून ३ मीटर ४० सेंटिमीटर बरोबर. दुसऱ्यात २/५ ला एकक नाही, म्हणून तो ३ मीटरचाच २/५ भाग धरायचा. दोरीचे पाच समान भाग केले की एक भाग ६० सेंटिमीटरचा. नव्या दोरीत असे ५ + २ = ७ भाग आहेत, म्हणजे ७ × ६० = ४२० सेंटिमीटर, ४ मीटर २० सेंटिमीटर. एका ओळीत लिहायचं तर ३ × ७/५. '२/५ ने जास्त' दिसलं की '७/५ पट' आणि '२/५ ने कमी' दिसलं की '३/५ पट' असं लिहून घेतलंस तर पुढची चूक टळते.

खरं तर '२/५ ने जास्त' हे उदाहरण देणाऱ्याचंच ढिसाळ लिहिणं आहे. 'तिच्या २/५ भागाने जास्त' असं लिहिलं असतं तर तू अडखळली नसतीस.

याच उदाहरणाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो. तोही पाहून ठेव. मोठी दोरी लहानपेक्षा २/५ ने जास्त आहे, तर लहान दोरी मोठीपेक्षा किती भागाने कमी? बहुतेक जण २/५ म्हणतात. पण आता 'पेक्षा' मोठीला चिकटला आहे, म्हणजे पूर्ण बदललं. फरक दोनच भागांचा, पण मोठीत भाग सात. उत्तर २/७. अंश तोच राहतो, छेदात अंश मिळवला जातो. १/४ ने जास्त असेल तर उलट बाजूने १/५ ने कमी, १/३ ने जास्त असेल तर १/४ ने कमी.

प्रश्न : नातवाला 'पावणेदोन मीटर' लिहायला सांगितलं तर २ पूर्णांक ३/४ लिहितो. 'पाऊण' आणि 'दोन' दोन्ही ऐकतो आणि जोडून टाकतो. दुसरी शंका माझी स्वतःची. 'दीडपटीने जास्त' म्हणजे दीडपट की अडीचपट?

उत्तर : नातवाचं ऐकणं बरोबर आहे, फक्त 'पावणे' म्हणजे 'पाव उणे' हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, १ पूर्णांक ३/४. सव्वादोन म्हणजे दोनावर पाव, साडेतीन म्हणजे तीनावर अर्धा. दीड आणि अडीच यांची नावं वेगळी पडली, कारण साडेएक, साडेदोन आपण म्हणत नाही. मीटरमध्ये बोलत असाल तर प्रत्येकाचे सेंटिमीटर करून घ्या: सव्वा मीटर १२५, दीड मीटर १५०, पावणेदोन मीटर १७५, अडीच मीटर २५०.

त्याला एक गंमत दाखवा. सव्वातीन म्हणजे ३ पूर्णांक १/४, सव्वातीनशे म्हणजे ३२५, सव्वातीन हजार म्हणजे ३२५०. तिन्हींत पाव आहे, पण पहिल्यात एकाचा, दुसऱ्यात शंभराचा, तिसऱ्यात हजाराचा. पाव कशाचा हे त्यापुढचा शब्द ठरवतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे तुम्हाला येत असतील तर तेही म्हणून दाखवा. पाऊणकीत 'आठ पाऊण सहा' म्हणजेच ८ चे ३/४ = ६. एकक नसलेल्या अपूर्णांकाने गुणणं हेच तर आहे.

आता तुमची शंका. 'दीडपट' म्हणजे ३/२ पट, यात वाद नाही. २ मीटरच्या दीडपट ३ मीटर. 'दीडपटीने जास्त' हा प्रयोग मात्र कुणी ३ मीटर या अर्थी करतं, तर कुणी २ + ३ = ५ मीटर या अर्थी. शब्दशः पाहिलं तर दुसरा अर्थ निघतो, बोलण्यात पहिलाच जास्त चालतो. उदाहरण तुम्ही तयार करणार असाल तर हा प्रयोग टाळाच; 'दीडपट' म्हणा नाहीतर 'निम्म्याने जास्त' म्हणा, दोन्हींचा अर्थ एकच आणि ठाम आहे. सोडवायला आलं असेल तर घेतलेला अर्थ उत्तराच्या वर एका ओळीत लिहून पुढे जा.

प्रश्न : वर्गात पट्ट्यांच्या आकृत्या काढून उदाहरणं सोडवायला शिकवते. मुलं आकृत्या हौसेने काढतात, पण आकृतीतून निघालेलं उत्तर आणि गणिताने आलेलं उत्तर जुळत नाही. कुठे बिघडतं?

उत्तर : बहुतेकदा पहिल्याच रेघेला. मुलं वाक्यात आधी आलेल्या वस्तूची पट्टी आधी काढतात. काढायला हवी 'पूर्ण' वस्तूची. 'पिवळी दोरी हिरवीच्या ३/४ आहे' यात हिरवीची पट्टी आधी, तिचे चार भाग, मग तिच्या खाली तीन भागांची पिवळी. दोन्ही पट्ट्यांची डावी टोकं एकाच उभ्या रेषेवर हवीत; ती सरकली की फरक डोळ्यांना चुकीचा दिसतो.

दुसरं, भाग अंदाजाने पाडू देऊ नका. चौकटीच्या वहीत पूर्णाच्या पट्टीला इतक्या चौकटी द्या की सगळ्या छेदांनी भाग जाईल. समजा पिवळी हिरवीच्या ३/४ आणि काळी हिरवीच्या ५/६ आहे. ४ आणि ६ चा लसावि १२, म्हणून हिरवी १२ चौकटी, पिवळी ९, काळी १०. हिरवी ६ मीटर असेल तर एक चौकट ५० सेंटिमीटरची. पिवळी साडेचार मीटर, काळी ५ मीटर. काळी पिवळीपेक्षा एका चौकटीने जास्त आहे. ही एक चौकट म्हणजे हिरवीचा १/१२ भाग, पण पिवळीचा १/९. मुलं इथे हमखास 'काळी पिवळीपेक्षा १/१२ ने जास्त' असं लिहितात.

एक शब्द बदलून पाहा: पिवळी हिरवीच्या ३/४ आणि काळी पिवळीच्या ५/६. आता बारा चौकटी घेतल्या तर पिवळी ९ आणि काळी साडेसात, चौकट तुटते. हिरवीला ८ चौकटी द्या: पिवळी ६, काळी ५. काळी हिरवीच्या ५/८ आहे आणि ३/४ × ५/६ हा गुणाकारही ५/८ च देतो. साखळीच्या उदाहरणात छेदांचा लसावि नेहमी पुरेल असं नाही. चौकट तुटली तर चौकटींची संख्या दुप्पट करून बघायला सांगा.

कागदाची खरी पट्टी घडी घालून वापरत असाल तर निम्मे, चौथे, आठवे भाग सहज पडतात. पाच किंवा सात भाग घडीने नीट पडत नाहीत. त्यासाठी रेघी वही वापरा. पट्टीचं एक टोक एका ओळीवर ठेवा, दुसरं टोक पंधराव्या ओळीवर येईल अशी पट्टी तिरकी करा आणि दर तिसऱ्या ओळीपाशी खूण करा. समांतर रेषांमधली अंतरं सारखी असल्याने तिरक्या पट्टीवरचे तुकडेही सारखेच पडतात. पाचच ओळी घेतल्या तरी नियम तोच, पण ओळींत ८ मिलिमीटर अंतर असेल तर पाच ओळी म्हणजे फक्त ४ सेंटिमीटर. मग पट्टी जवळजवळ आडवीच पडते आणि खूण नेमकी कुठे करायची ते कळत नाही. पंधरा ओळींचे १२ सेंटिमीटर होतात. २० सेंटिमीटरची पट्टी त्यात छान तिरकी बसते, आडवी जागा १६ सेंटिमीटर लागते. मोजताना पहिल्या ओळीला शून्य म्हणा, नाहीतर एक भाग कमी पडतो.

प्रश्न : एका खांबाचा १/४ भाग जमिनीत आहे. उरलेल्याच्या २/३ भागाला लाल रंग दिला आहे. राहिलेला ७५ सेंटिमीटर भाग पांढरा आहे. खांब किती लांब? माझं उत्तर ९ मीटर येतं, उत्तरसूचीत ३ मीटर आहे.

उत्तर : उत्तरसूची बरोबर आहे. तुम्ही १/४ आणि २/३ मिळवून ११/१२ केलं असणार आणि उरलेला १/१२ म्हणजे ७५ सेंटिमीटर धरला असणार; ७५ × १२ = ९०० सेंटिमीटर. पण २/३ हा अख्ख्या खांबाचा भाग नाही, 'उरलेल्याचा' आहे. वेगवेगळ्या पूर्णांचे भाग एकमेकांत मिळवता येत नाहीत.

चार चौकटींची पट्टी काढा. एक जमिनीत गेली, तीन उरल्या. या तिनांच्या २/३ म्हणजे दोन लाल. राहिली एक, ती ७५ सेंटिमीटरची. चार चौकटी ३०० सेंटिमीटर. पडताळा : ७५ जमिनीत, २२५ वर, त्यातले १५० लाल, ७५ पांढरे.

आकृती काढायची नसेल तर जुनी इष्टकर्माची रीत आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ती दिलेली आहे. सोयीची कुठलीही लांबी मानायची, समजा १२. जमिनीत ३, उरले ९, लाल ६, पांढरे ३. खरे पांढरे ७५, म्हणजे मानलेल्याच्या २५ पट; म्हणून खांब १२ × २५ = ३००. ही रीत सगळे तुकडे कशाचे ना कशाचे भाग असतील तेव्हाच चालते. मध्येच ठरावीक मोजमाप घुसलं की कोलमडते. 'दोरीचा १/३ भाग आणि वर २० सेंटिमीटर कापले, १२० सेंटिमीटर उरले' अशा उदाहरणात शेवटाकडून मागे या. ते २० सेंटिमीटर परत जोडा, १४० झाले. हा दोरीचा २/३ भाग, म्हणून १/३ म्हणजे ७० आणि दोरी २१० सेंटिमीटर.

प्रश्न : 'पहिल्या दोरीचा १/३ भाग दुसऱ्या दोरीच्या १/२ भागाएवढा आहे. दोन्ही मिळून ४ मीटर ५० सेंटिमीटर. प्रत्येकीची लांबी काढा.' यात पूर्ण कोणतं? दोन्हीकडे 'चा' आणि 'च्या' आहेत.

उत्तर : इथे दोन पूर्णं आहेत, म्हणूनच हा प्रकार अवघड वाटतो. सारखा आहे तो तुकडा, तेव्हा त्याच्यापासून सुरुवात करा. पहिली दोरी अशा तीन तुकड्यांची, दुसरी अशाच दोन तुकड्यांची, एकूण पाच. ४५० ÷ ५ = ९०. पहिली २७० सेंटिमीटर, दुसरी १८०. नेहमीची चूक म्हणजे १/३ आणि १/२ पाहून लांब्यांचं गुणोत्तर २ : ३ लिहिणं. ते नेमकं उलटं आहे. जिचा लहान भाग दुसरीच्या मोठ्या भागाशी बरोबरी करतो, ती दोरी मोठीच असणार.

अंश १ नसले तर? पहिलीचे २/३ = दुसरीचे ४/५. समच्छेद करायची सवय इथे बाजूला ठेवा आणि अंश सारखे करा: ४/६ आणि ४/५. पहिलीचे सहांपैकी चार तुकडे दुसरीच्या पाचांपैकी चार तुकड्यांएवढे, म्हणजे तुकडे सारखेच. लांब्यांचं गुणोत्तर ६ : ५. दोन्ही मिळून साडेपाच मीटर असतील तर ३ मीटर आणि अडीच मीटर. पडताळ्यात ३ चे २/३ आणि अडीचचे ४/५, दोन्ही २ मीटर येतात.

प्रश्न : ५ मीटर तारेचे ३/४ मीटरचे तुकडे केले. ५ ÷ ३/४ = ६ पूर्णांक २/३. म्हणजे सहा तुकडे आणि २/३ मीटर तार उरली ना? मोजून पाहिलं तर अर्धाच मीटर उरते.

उत्तर : तार बरोबर आहे. ६ पूर्णांक २/३ हे तुकडे आहेत, मीटर नव्हेत. २/३ म्हणजे एका तुकड्याचा २/३ भाग, आणि तुकडा ३/४ मीटरचा. ३/४ × २/३ = १/२ मीटर. वजाबाकीनेही बघा : ६ × ३/४ = साडेचार, पाचातून गेले की अर्धा. प्रश्नात 'किती पूर्ण तुकडे' विचारलं असेल तर ६, 'किती तार उरली' विचारलं असेल तर अर्धा मीटर. किती वेळा कापावी लागेल असं विचारलं तर ६ वेळा. पण तार साडेचार मीटरच असती तर ५ वेळा, कारण शेवटचा तुकडा आपोआप सुटा होतो.

प्रश्न : ५/६ मीटर आणि ८५ सेंटिमीटर यांत मोठं कोणतं? कॅल्क्युलेटरवर ५/६ = ०.८३ घेतलं तर चालेल का?

उत्तर : मोठं कोणतं एवढंच विचारलं असेल तर चालेल. कितीने मोठं हे विचारलं तर नाही. ५/६ मीटर म्हणजे ८३ पूर्णांक १/३ सेंटिमीटर, फरक १ पूर्णांक २/३ सेंटिमीटर. ०.८३ घेतल्यावर तो २ सेंटिमीटर दिसतो. अशा सहा पट्ट्या जोडल्या तर खरी लांबी ५ मीटर, तुमची ४ मीटर ९८ सेंटिमीटर. दशांश करायचाच असेल तर शेवटच्या ओळीत करा, तोवर अपूर्णांक तसाच ठेवा.